हिमेजीचा किल्ला बघायला जाताय? मग धावत वर पळू नका

जपान फिरायला येणारे आपले बरेच लोक टोकियो, क्योतो, ओसाका करतात आणि जाता जाता एक किल्ला पण उरकू म्हणून ओसाकाच्या किल्ल्यात शिरतात. लिफ्टने वर जातात, फोटो काढतात, खाली येतात आणि मग म्हणतात की छे, यापेक्षा आपला राजगड बरा. अहो पण तो ओसाकाचा मनोरा १९३१ साली बांधलेला काँक्रीटचा आहे, आत म्युझियम आहे, म्युझियम म्हणून चांगलंच आहे पण जुना किल्ला बघितल्याचं समाधान तिथे कुठून मिळणार. जपानमध्ये मूळचे जुने मनोरे आता फक्त १२ उरलेत, बाकीचे आगीत, युद्धात नाहीतर सरकारी हुकमाने गेले, आणि त्या १२ मधला सगळ्यात मोठा हिमेजीला आहे. ओसाकाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. भारतातून कोणी पाहुणे आले की मी त्यांना हमखास इथेच पाठवते किंवा घेऊन जाते, त्यामुळे दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हिमेजीची खरी गंमत वर पोचण्यात नाहीये, वर जायच्या वाटेत आहे. नव्वद टक्के लोक मान वर करून पांढऱ्या मनोऱ्याकडे बघत भराभर चालतात आणि वर पोचल्यावर विचारतात, एवढंच? तसं करू नका.

कधी जायचं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साकुरा म्हणजे चेरीचा बहर असतो, किल्ला तेव्हा जबरदस्त दिसतो यात वाद नाही, पण गर्दीही तशीच. आत मनोऱ्यात शिरायला रांग, जिन्यावर रांग, वरच्या मजल्यावर खिडकीपाशी पण रांग. साकुराच बघायचा असेल तर बाहेरच्या मैदानातून बघा, ते फुकट आहे, आणि आतला किल्ला नीट बघायचा असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी या. एप्रिलच्या शेवटी गोल्डन वीक म्हणजे सलग सुट्ट्यांचा आठवडा सुरू होतो आणि ऑगस्टच्या मध्यात ओबोनची सुट्टी असते, हे दोन्ही टाळा. ऑगस्टमध्ये तसंही आत एसी नाही, पंख्यांवर भागतं, घामाच्या धारा लागतात. माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा शेवट किंवा फेब्रुवारीतला कामाचा वार. फेब्रुवारीत थंडी असते पण माणसं कमी, आणि हवा स्वच्छ असली की वरून लांबपर्यंत दिसतं.

किल्ला सकाळी ९ ला उघडतो, ५ ला बंद होतो, पण ४ नंतर आत सोडत नाहीत हे लोक विसरतात. उन्हाळ्यात वेळ थोडी वाढवतात. २९ आणि ३० डिसेंबरला पूर्ण बंद, आणि आपल्याकडचे लोक नेमके नाताळच्या सुट्टीत येतात, तेव्हा हे लक्षात ठेवा. अडीच ते तीन तास हाताशी ठेवा, त्यापेक्षा कमी वेळ असेल तर धावपळच होते.

तिकीट

इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो कारण जुन्या व्हिडिओत १००० येन ऐकलेलं असतं. १ मार्च २०२६ पासून हिमेजी शहरात न राहणाऱ्या मोठ्या माणसांना २५०० येन आहेत, शहरातल्यांना १०००, आणि १८ वर्षांखालच्यांना फुकट. म्हणजे दोन मुलं घेऊन येणाऱ्या कुटुंबाला पूर्वीपेक्षा महाग पडतंच पण मुलांचं तिकीट वाचतं. पैसे जास्त वाटतात खरे, पण लाकूड, चुना, कौलं सगळं जुन्या पद्धतीनेच सांभाळायचं म्हटलं तर खर्चही तसाच येतो. शेजारच्या कोको-एन बागेसकट एकत्र तिकीट मिळतं, थोडेसेच पैसे जास्त पडतात, ते घ्या.

गाडी

ओसाका स्टेशनवरून शिन-काइसोकु नावाची जलद लोकल सुटते, सुमारे तासाभरात हिमेजी. वेगळं रिझर्व्हेशन नको, इकोका किंवा सुइका हे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड टॅप केलं की झालं. कोबेच्या सान्नोमियाहून साधारण ४० मिनिटं, क्योतोहून दीड तास धरा. शिनकानसेनने म्हणजे बुलेट ट्रेनने शिन-ओसाकाहून अर्ध्या तासात पोचता येतं पण पैसे दुप्पटीच्या वर जातात, त्यामुळे जेआर पास म्हणजे पर्यटकांचा रेल्वे पास असेल तरच. आणि शिनकानसेनमध्ये बसायच्या आधी ती हिमेजीला थांबते का ते बोर्डवर बघा, नोझोमी नावाच्या सगळ्यात जलद गाड्या सगळ्याच थांबत नाहीत, नाहीतर सरळ ओकायामाला उतराल.

मोठी बॅग असेल तर स्टेशनवरच कॉइन लॉकरमध्ये टाका. सुटकेस घेऊन किल्ल्याचे जिने चढणं अशक्य आहे.

पायात काय

हा भाग लोक हसण्यावारी नेतात. मनोऱ्याच्या दारात बूट चपला काढाव्या लागतात, एक प्लॅस्टिकची पिशवी देतात, त्यात आपले बूट घालून ती पिशवी हातात धरून सगळे मजले चढायचे. म्हणजे एक हात कायमचा गुंतलेला. त्यामुळे पाठीला छोटी सॅक, गळ्यात फोन, दुसरा हात कठड्याला मोकळा, असं हवं. मोजे घालून या, उन्हाळ्यात सँडल घालून आलात तर मोजे खिशात ठेवा. थंडीत ती लाकडी जमीन इतकी गार असते की मोज्यांचे दोन जोड घातले तरी चालतील. साडी किंवा लांब घेरदार ड्रेस नको, कारण आतले जिने म्हणजे आपल्याकडच्या माळ्यावर चढायच्या शिडीसारखे आहेत, उभे आणि अरुंद, आणि मागून पुढून माणसं असतात. आणि मनोऱ्याच्या आत टॉयलेट नाही, तेव्हा खालीच जाऊन या, विशेषतः मुलांना.

स्टेशन ते पहिला दरवाजा

स्टेशनच्या उत्तरेच्या दारातून बाहेर पडलात की समोर ओतेमाए-दोरी हा रुंद सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला किल्ला. रस्ता विचारायची गरजच नाही. १५-२० मिनिटं चालायचं. बस आहे, पण चालाच, कारण हा रस्ता आणि ही सगळी पेठ १९४५ च्या जुलैमध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेलेली, आजूबाजूला जे दिसतं ते सगळं त्यानंतरचं आहे आणि समोरचा किल्ला तेवढा ४०० वर्षांपूर्वीचा. विमानांना दिसू नये म्हणून तेव्हा त्या पांढऱ्या भिंतींवर काळी जाळी टाकलेली, आणि एक आगीचा बॉम्ब वरच्या मजल्यावर पडला सुद्धा, पण तो फुटलाच नाही. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

खंदकावरचा पूल ओलांडला की सान्नोमारू म्हणजे मोठं हिरवळीचं मैदान लागतं. किल्लेदाराचे राहते वाडे एकेकाळी इथेच होते. फोटो काढायचे ते इथून काढून टाका, पूर्ण मनोरा इथूनच फ्रेममध्ये बसतो, आत गेल्यावर मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

दरवाज्यांची वाट, इथे वेळ घालवा

तिकीट दाखवून आत गेलात की हिशी-नो-मोन हा मोठा दरवाजा. इथून पुढे दरवाज्यांना जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमाने नावं आहेत, इ, रो, हा, नि, हो असे. किल्ल्याचे २१ दरवाजे अजून शाबूत आहेत. आपल्याकडे गडाला गोमुखी दरवाजा असतो ना, म्हणजे दार समोरून दिसत नाही, दोन बुरुजांच्या मधून वळून जावं लागतं आणि तोवर वरून मारा होतो, तीच अक्कल इथे पूर्ण टेकडीभर वापरलेली आहे. मनोरा समोर हाकेच्या अंतरावर दिसतो, तुम्ही त्याच्या दिशेने चालता आणि वाट तुम्हाला पाठमोरं फिरवून भलतीकडे नेते. एका ठिकाणी तर चढण संपून रस्ता चक्क उताराला लागतो, हल्ला करणाऱ्याला वाटावं की आपण चुकलो, बाहेर चाललो. नकाशा घेऊन सुद्धा माणूस एकदा तरी थांबून इकडेतिकडे बघतोच.

या वाटेत काय काय बघायचं ते सांगते.

भिंतीतल्या जंग्या म्हणजे मारा करायची भोकं बघा. गोल, त्रिकोणी, चौकोनी, आणि उभ्या लांबट. लांबट त्या धनुष्यबाणासाठी, बाकीच्या बंदुकीसाठी. जवळपास हजारभर अजून आहेत. एखाद्या जंगीला डोळा लावून बाहेर बघा, म्हणजे कळेल की आतून वाटेचा मोठा तुकडा दिसतो आणि बाहेरून मात्र नुसतं एक छोटं भोक. मुलांना हा खेळ जाम आवडतो.

कौलं बघा. किल्ला एवढा पांढरा दिसतो तो नुसत्या भिंतींमुळे नाही, कौलांच्या सांध्यांमध्ये सुद्धा चुन्याचा गिलावा भरलेला आहे. चुना, ताग-अंबाडीसारखे धागे आणि समुद्री शेवाळाची खळ असं ते मिश्रण. आगीपासून आणि गोळीपासून लाकूड वाचवायला भिंतींवर जाड थर. २००९ ते २०१५ मोठी दुरुस्ती झाली आणि मार्च २०१५ मध्ये किल्ला परत उघडला तेव्हा इतका पांढराफटक होता की इथले लोकच म्हणायला लागले की जरा जास्तच झालं. आता बुरशी आणि पावसाने तो हळूहळू राखाडी होत चाललाय, जो नेहमीच होतो. नि दरवाज्याच्या छपरावर एका कौलावर क्रॉसचं चिन्ह आहे, ते शोधा, सहज सापडत नाही.

मग हो दरवाजा. हा बघून बरेच जण विचारतात की हाच का रस्ता, कारण तो इतका बुटका आणि अरुंद आहे की चिलखत घातलेला माणूस वाकूनच जाईल. त्याच्या आतच एक मातकट रंगाची भिंत आहे, बाकी सगळं पांढरं आणि ही एकटीच पिवळसर तपकिरी, तिला तेलाची भिंत म्हणतात, खूप घट्ट दाबून केलेली मातीची भिंत आहे. ही टोयोटोमी हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या सेनापतीच्या काळातली असं सांगतात. तिथेच आसपास दगडी तटाकडे मान वर करून बघा, एका दगडावर तारेची जाळी बसवलेली दिसेल. तो जात्याचा दगड. गोष्ट अशी की हिदेयोशी किल्ला बांधत होता, दगड कमी पडले, तेव्हा एका गरीब म्हातारीने आपलं जातं दिलं, ते ऐकून बाकी लोकांनीही दगड आणून दिले. खरं खोटं देव जाणे, पण दगड जागेवर आहे. त्या काळी घाईत थडग्यांचे आणि दिव्यांचे दगड पण तटात घातले गेलेत, नीट बघितलं तर ओळखू येतात.

थोडा इतिहास इथेच उरकते. टेकडीवर १४ व्या शतकापासून काहीतरी ठाणं होतं. हिदेयोशीने १५८० नंतर तीन मजली मनोरा बांधला. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, पुढे शोगुन म्हणजे जपानचा सत्ताधीश झालेला टोकुगावा इएयासू जिंकला आणि त्याने हा मुलूख आपला जावई इकेदा तेरुमासा याला दिला. आज दिसतो तो किल्ला तेरुमासाने १६०१ ते १६०९ मध्ये उभा केला. आणि गंमत म्हणजे एवढा चकवा, एवढ्या जंग्या, दगड टाकायच्या फटी, सगळं करून खरी मोठी लढाई इथे कधी झालीच नाही. १८६८ मध्ये टोकुगावांची सत्ता गेली तेव्हा नव्या सरकारच्या बाजूने फौज चालून आली, तिचा प्रमुख तेरुमासाचाच वंशज, आणि थोडी तोफांची धमकी दाखवल्यावर किल्ला ताब्यात आला. त्यानंतर तर किल्ल्यांची किंमत इतकी उतरली की लिलावात हिमेजी २३ येन ५० सेनला गेला असं सांगतात, घेणाऱ्याला मग कळलं की पाडायलाच जास्त खर्च येईल आणि त्याने नाद सोडला. नाकामुरा शिगेतो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७८ मध्ये सरकारकडे अर्ज करून किल्ला वाचवला, त्याच्या नावाचा दगड हिशी दरवाज्याच्या आत आहे, लोक न बघता पुढे जातात.

निशी-नो-मारू सोडू नका

हिशी दरवाज्यातून आत आल्यावर डावीकडे निशी-नो-मारू, म्हणजे पश्चिमेचं आवार. क्रमाने हे आधी येतं, मी मागाहून लिहितेय एवढंच. गाईड ग्रुप बऱ्याचदा हे गाळतात. इथे सेन-हिमेचा वावर असायचा. ही इएयासूची नात, सातव्या वर्षी हिदेयोशीच्या मुलाशी हिदेयोरीशी लग्न, मग १६१५ मध्ये तिच्याच आजोबांनी ओसाकाचा किल्ला पाडला आणि त्यात तिचा नवरा गेला. नंतर होंडा तादातोकीशी दुसरं लग्न होऊन ती हिमेजीला आली. १६२६ मध्ये तादातोकीही गेला आणि ती एदोला म्हणजे आजच्या टोकियोला परतली. तिच्यासाठी बांधलेला शृंगाराचा बुरूज आणि दासींच्या खोल्यांचा लांबच लांब लाकडी सोपा इथे आहे. इथे पण बूट काढायचे, पण जिने सौम्य आहेत, गर्दी कमी, आणि इथून मनोरा फार सुंदर दिसतो. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना मनोरा चढवण्यापेक्षा इथे अर्धा तास फिरवा आणि बाहेर बाकावर बसवा, ते खूष राहतील.

मनोऱ्याच्या आत

बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि शिवाय एक तळघर. आत सामान काही नाही. पलंग, गाद्या, दरबार असलं काही शोधू नका, राहायचे वाडे वेगळे होते, हा शेवटचा आसरा आणि कोठार. लाकूड बघायला या. पूर्व आणि पश्चिम असे दोन प्रचंड खांब तळापासून जवळपास शेंड्यापर्यंत गेलेत, २४ मीटरच्या वर. पश्चिमेचा खांब १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत बदलला. किसोच्या जंगलातून आणलेलं हिनोकीचं म्हणजे जपानी सायप्रसचं झाड वाटेत मोडलं, मग दुसरं झाड जवळच्या एका देवळाच्या आवारातून आणून दोन्ही जोडून एक खांब केला. पूर्वेचा मात्र जुनाच आहे, फक्त बुंध्याकडचा कुजलेला भाग बदललाय. प्रत्येक मजल्यावर त्या खांबाला हात लावून बघत जा, वर जाईल तसा बारीक होत जातो, मग एवढी इमारत कशावर उभी आहे ते डोक्यात बसतं.

बाकी भिंतींवर बंदुका आणि भाले अडकवायच्या खुंट्या, कोपऱ्यांत सैनिक लपायची छोटी कपाटासारखी जागा, खिडक्यांखाली दगड टाकायच्या फटी. जिना चढताना कपाळ सांभाळा, तुळया खाली आहेत. सर्वात वर ओसाकाबे देवीचं छोटं देऊळ आहे, तिथे लोक नमस्कार करतात, आपणही करावा, आणि चारी बाजूंच्या खिडक्या. दक्षिणेकडे आपण आलो तो सरळ रस्ता स्टेशनपर्यंत दिसतो. वर पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायला जमत नाही, मागून लोक येत राहतात.

खूप लहान बाळ असेल तर कांगारू बॅग आणा, बाबागाडी वर नेता येणार नाही. व्हीलचेअरला मनोऱ्यात वाव नाही हे आधीच माहीत असलेलं बरं.

उतरताना

खाली आल्यावर बिझेन-मारू नावाचं अंगण लागतं, इथून मनोरा एकदम अंगावर आल्यासारखा दिसतो. बूट घाला, पाणी प्या. परतीच्या वाटेवर रि दरवाज्यापाशी ओकिकूची विहीर आहे. ओकिकू ही दासी, तिच्यावर दहा ताटल्यांपैकी एक हरवल्याचा खोटा आळ घेतला, मारून विहिरीत टाकली, आणि रात्री विहिरीतून ताटल्या मोजण्याचा आवाज यायचा, नऊपर्यंत, अशी कथा. आत डोकावलं तर लोकांनी टाकलेली नाणी दिसतात. मग नु दरवाजा, दुमजली, आणि बाहेर.

खाणं

हिमेजीचं ओदेन म्हणजे रस्स्यात शिजवलेले पदार्थ प्रसिद्ध आहे, आल्याच्या सोया सॉसबरोबर देतात, आणि आनागो नावाचा समुद्री मासा. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी असाल तर ओदेन आणि नूडल्सच्या पाण्यात माशाचा अर्क असतो हे धरूनच चाला. पण एक गोष्ट तुमच्यासाठीच आहे, आमंड टोस्ट. जाड ब्रेडवर गोड बदामाचं लोणी लावून भाजलेला, हिमेजीच्या जुन्या कॅफेंमध्ये सकाळी मिळतो, कॉफीबरोबर. सकाळी किल्ल्याआधी तो खा आणि कोंबिनीमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, उमेबोशीची ओनिगिरी म्हणजे आंबट खारवलेलं फळ घातलेला भाताचा गोळा सोबत ठेवा.

पाय उरलेच असतील तर कोको-एन. १९९२ ला उघडलेली, सामुराईंच्या वाड्यांच्या जागेवर केलेली भिंतींनी वेगळ्या केलेल्या ९ बागांची जागा. तलाव, कोइ मासे, चहाघर. दमलेल्या माणसाला बसायला बरी जागा आहे. वेळ नसेल तर सोडा, किल्ला सोडू नका.

हिमेजी आवडला आणि अजून एक खरा जुना मनोरा बघायचा असेल तर त्याच शिन-काइसोकु लाइनवर ओसाका-क्योतोच्या पलीकडे हिकोने आहे, तोही राष्ट्रीय संपदा म्हणून जाहीर झालेल्या पाच मनोऱ्यांपैकी एक. आकाराने बराच लहान, गर्दीही कमी, पण जिने हिमेजीपेक्षाही उभे आहेत, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी करायचा बेत करू नका.